आधी वरची पाणथळ, मग सरोवर : व्यवस्थापन समितीला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
सरोवर व पाणलोट व्यवस्थापन समिती

विषय : सरोवराच्या वरच्या अंगाची कोरडी केलेली पाणथळ पूर्ववत करण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या समितीपुढे सध्या दोन प्रस्ताव आहेत. पहिल्यात सरोवरातला गाळ उपसणे, पाण्यात हवा सोडणारी यंत्रे बसवणे आणि तुरटीसारखी रसायने टाकणे ही कामे आहेत. दुसऱ्यात सरोवराला मिळणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी पूर्वी असलेली, पुढे चर खणून कोरडी केलेली आणि नांगराखाली आणलेली पाणथळ पुन्हा ओली करण्याचे काम आहे. पहिल्या प्रस्तावाचा परिणाम लवकर दिसतो, म्हणून चर्चेचा कल त्याच्याकडे आहे, आणि दुसरा ‘निधी उरला तर पाहू’ या रांगेत जाऊन बसला आहे. हा क्रम उलटा आहे असे माझे ठाम मत आहे. त्याची कारणे सांगण्यासाठी आणि दुसरा प्रस्ताव मंजूर करताना कोणत्या अटी घालायला हव्यात हे सुचवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पाणथळ घाईने आणि चुकीच्या पद्धतीने भरली तर ती सरोवराचे नुकसानही करू शकते. म्हणून माझी मागणी नुसत्या मंजुरीपुरती नाही.

सरोवर हिरवे का पडते, याचे उत्तर विज्ञानाला बरीच वर्षे ठाऊक आहे. कॅनडातील प्रायोगिक सरोवरांच्या क्षेत्रात १९७३ मध्ये ‘२२६’ क्रमांकाच्या सरोवराचे मधोमध पडदा टाकून दोन भाग करण्यात आले. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातले, पण एकाच भागात त्यांच्या जोडीला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, घातले. स्फुरद मिळालेला भाग नील-हरित शेवाळाने माखून गेला आणि दुसरा स्वच्छ राहिला. आकाशातून काढलेल्या त्या सरोवराच्या छायाचित्रानंतर गोड्या पाण्याच्या सरोवरांबाबतचा वाद बराचसा मिटला. यात लागणारी मात्रा किती थोडी असते हे लक्षात घ्यावे. एक लिटर पाण्यात साधारण ३५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त स्फुरद असले की सरोवर अतिपोषित गणले जाते, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतक्या कमी प्रमाणात काम करणारी वस्तू सरोवरभर पसरल्यानंतर परत काढणे किती खर्चाचे आणि किती अपुरे ठरणार, हे वेगळे सांगायला नको. ती वरच्या वर, ओढ्याच्या पाण्यातच अडवायला हवी.

हे अडवण्याचे काम पाणथळ कसे करते, ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्याचे तांबूस, दाट पाणी काचेच्या बरणीत भरावे आणि न हलवता ठेवावे. वाळू काही क्षणांत तळाशी बसते, जाडसर माती तासाभरात बसते. पण वरचे पाणी दुसऱ्या दिवशीही दुधाळच दिसते, आणि चिकणमातीचे सर्वांत बारीक कण खाली यायला कित्येक दिवस लागतात. स्फुरदाचा मोठा वाटा याच बारीक कणांना चिकटून येतो. आज आपला ओढा सरळ केलेल्या चरातून धावत येतो आणि पुराचे पाणी काही तासांत सरोवरात ओततो. त्या कणांना बसायला वेळ मिळतो कुठे? पूर्वी हेच पाणी लव्हाळे, नळ नावाचे उंच गवत आणि पाणकणसाच्या दाटीतून, घोट्याएवढ्या खोलीने, शेकडो वाटांनी पसरत जात असे. तेव्हा त्याचा वेग मरत असे, कण बुडख्यांपाशी थांबत, आणि शिल्लक राहिलेले पाणी पुढे सरके.

नत्राची गोष्ट वेगळी आहे आणि ती पाणथळीच्या बाजूने आहे. चिखलात वरचा पातळ थर सोडला तर प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात, आणि नत्र वायूच्या रूपाने हवेत निघून जाते. हे नत्र पाण्यातून कायमचे जाते. स्फुरदाला अशी हवेतली वाट नाही. ते पाणथळीत येते आणि तिथेच साठते : गाळात गाडले जाते, लोह, ॲल्युमिनियम किंवा चुन्याशी बांधले जाते, वनस्पतींच्या अंगात शिरते आणि त्या कुजल्या की त्यातले बरेचसे पुन्हा पाण्यात उतरते. पाणथळ स्फुरद नाहीसे करत नाही, ती ते धरून ठेवते. हे धरून ठेवणे कशावर टिकते, हाच या प्रकल्पातला सर्वांत नाजूक प्रश्न आहे, आणि प्रस्तावात त्याला जेमतेम एक परिच्छेद मिळाला आहे.

पाणथळ गेल्यावर खालच्या सरोवराचे काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतील ईरी सरोवराच्या पश्चिम टोकाला आहे. मॉमी नदीच्या खोऱ्यात ‘ग्रेट ब्लॅक स्वॅम्प’ नावाची सुमारे चार हजार चौरस किलोमीटरची दलदल होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर खणून आणि जमिनीखाली नळ्या पुरून ती जवळजवळ सगळी कोरडी करण्यात आली. तिथे उत्तम शेती उभी राहिली, हे खरे. पण त्या शेतांचे पाणी आता थेट नदीत आणि नदीतून सरोवराच्या सर्वांत उथळ भागात जाते. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहराच्या पाण्यात नील-हरित शेवाळाचे मायक्रोसिस्टिन हे विष आढळले आणि सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. हे विष उकळल्याने जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची दीर्घकालीन मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम इतकी सुचवली आहे. आपल्या सरोवराच्या काठाशी उन्हाळ्याअखेर जो हिरव्या रंगासारखा साका जमतो, जो वाळला की दगडांवर निळसर पट्टे उमटतात आणि ज्याला कुबट वास येतो, तो याच जातकुळीचा असू शकतो. त्याच पाण्यात जनावरे उतरतात आणि मुले खेळतात. म्हणून हा विषय सौंदर्याच्या सदरात टाकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ईरीच्या अनुभवात आणखी एक धडा आहे, आणि तो आपल्या मोजमापासाठी महत्त्वाचा आहे. सांडपाण्यावरील नियंत्रणामुळे १९७०च्या दशकानंतर तिथे एकूण स्फुरद कमी झाले आणि सरोवर सुधारले. पण नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून मॉमी नदीतून येणारे विरघळलेले स्फुरद वाढू लागले आणि शेवाळ परतले. मातीला चिकटलेले स्फुरद आणि विरघळलेले स्फुरद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विरघळलेले शेवाळाला लगेच खाता येते, आणि नुसते पाणी थांबवून गाळ बसवल्याने ते अडत नाही.

आता प्रस्तावाच्या गाभ्याकडे येते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात नव्याने तयार केलेल्या किंवा पूर्ववत केलेल्या २०३ पाणथळींची आकडेवारी एकत्र तपासली होती. त्यात नत्र कमी होण्याचे मध्यक प्रमाण ३७ टक्के आणि स्फुरदाचे ४६ टक्के निघाले. ओढ्याच्या पाण्यातून जवळजवळ निम्मे स्फुरद वर्षानुवर्षे गाळले जाणे ही मोठी गोष्ट आहे, आणि यंत्रांनी हेच करायचे म्हटले तर त्याचा चालू खर्च कधीच संपणार नाही. परंतु त्याच आढाव्यात असेही दिसले की पूर्वी शेती असलेल्या जमिनीवर पूर्ववत केलेल्या पाणथळी स्फुरद अडवण्यात इतरांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी पडल्या. आपली जागा नेमकी तशीच आहे.

याचे कारण मातीत आहे. वर्षानुवर्षे खत घातलेल्या जमिनीच्या वरच्या थरात स्फुरद साठलेले असते, आणि त्यातला मोठा भाग लोहाला बांधलेला असतो. जमीन कोरडी आणि हवेशीर असते तोवर ही बांधणी पक्की राहते. तीच जमीन पाण्याखाली गेली, प्राणवायू संपला, की लोहाचे रूप पालटते, ते विरघळते आणि त्याने धरलेले स्फुरद सोडून देते. म्हणजे चर बुजवून पाणी सोडले की पहिली काही वर्षे पाणथळ सरोवराला स्फुरद घेण्याऐवजी देऊ शकते. त्या वर्षांत सरोवर आणखी हिरवे झाले तर लोक म्हणतील, ‘पाणथळ करून पाहिली, उपयोग झाला नाही’, आणि त्यानंतर हा विषय पुन्हा कुणी काढणार नाही. मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते.

मातीकडे दुर्लक्ष झाले तर याहून वाईटही घडते. फ्लोरिडातील अपोप्का सरोवराच्या उत्तर काठावरची दलदल १९४०च्या दशकापासून शेतीसाठी कोरडी केली होती. नव्वदच्या दशकात सरकारने ती शेते विकत घेऊन पुन्हा पाण्याखाली आणायला सुरुवात केली. हेतू अगदी आपल्यासारखाच होता. पाणी पाहून मासे आले, माशांमागे पक्षी आले, आणि १९९८-९९च्या हिवाळ्यात पांढऱ्या पेलिकनांसह शेकडो पक्षी मरून पडले. पूर्वी फवारलेल्या कीटकनाशकांचे अवशेष मातीतून माशांत आणि माशांतून पक्ष्यांत गेले होते. पुढे तिथले काम अधिक सावधपणे सुरू झाले, आणि सरोवराचे पाणी पाणथळीतून फिरवून गाळण्याची यंत्रणाही उभी राहिली. पण त्या पक्ष्यांची किंमत आधीच मोजली गेली होती.

म्हणून पाणी सोडण्याआधी माती तपासली जावी. तीही एकदोन ठिकाणचे नमुने घेऊन नव्हे, तर संपूर्ण जागेची जाळी आखून, थराथराने : स्फुरद किती, त्याला धरणारे लोह आणि ॲल्युमिनियम किती, कीटकनाशकांचे अवशेष किती. जिथे स्फुरद फार आहे तिथे वरचा थर खरवडून काढता येतो, आणि ती माती वरच्या शेतांना लागत असेल व विषमुक्त असेल तर शेतकऱ्यांना देता येते. जिथे मध्यम आहे तिथे काही हंगाम नवे स्फुरद न घालता चारा किंवा नळ वाढवून कापून बाहेर नेता येतो. काही भाग पाण्याखाली न आणता नुसते ओलसर कुरण ठेवणेच शहाणपणाचे ठरेल. याला वेळ लागेल. तो वेळ प्रस्तावाच्या वेळापत्रकात आधीच धरावा, नंतर ‘विलंब’ म्हणून त्याचा ठपका कुणावर येऊ नये.

पाण्याच्या बाबतीत हंगेरीतील किश-बालाटन या दलदलीचा अनुभव समितीने बारकाईने अभ्यासावा. ‘झाला’ नावाची नदी बालाटन सरोवराला मिळण्याआधी या दलदलीतून जात असे. दलदल कोरडी केल्यावर नदीचे स्फुरद थेट सरोवराच्या पश्चिम टोकाच्या केस्टहेय उपसागरात जाऊ लागले आणि तो भाग शेवाळाने भरू लागला. नदी पुन्हा पाणथळीतून नेण्याच्या प्रकल्पाचा पहिला टप्पा १९८५ मध्ये आणि दुसऱ्याचा काही भाग १९९२ मध्ये पाण्याखाली आला. पहिल्या टप्प्यातला उथळ जलाशय स्वतःच शेवाळाने हिरवा झाला, पण नदीचे स्फुरद त्याने चांगले अडवले. दुसऱ्या भागात मात्र जुन्या नळांच्या आणि लव्हाळ्यांच्या रानात पाणी कायमचे खोल राहिले. त्यामुळे वनस्पती मेल्या, कुजल्या आणि त्यांतून स्फुरद बाहेर पडले. तरीही उपसागर सुधारला, कारण पाणथळीच्या जोडीला खोऱ्यातल्या मोठ्या शहराच्या मैलापाण्यातून स्फुरद काढण्याचे कामही झाले होते.

यातून आपल्या आराखड्यासाठी दोन गोष्टी निघतात. पहिली, पाण्याची पातळी बदलती हवी. वर्षातून काही काळ जमीन उघडी पडली पाहिजे, म्हणजे नळ-लव्हाळ्यांची नवी रोपे रुजतात आणि साठलेला चिखल घट्ट होतो. त्यासाठी आवकेला आणि जावकेला उघडझाप करता येतील अशी साधी दारे हवीत, आणि ती चालवणारा, पगारावर नेमलेला, जबाबदार माणूस हवा. दुसरी, मैलापाणी या पाणथळीत सोडण्याचा मोह कुणालाही होऊ नये. तिच्यावर शुद्धीकरण केंद्राचे काम ढकलले तर ती काही वर्षांत तुंबेल आणि तिचा जलपर्णीचा डोह होईल. ओढ्याला मिळणारी गटारे स्वतंत्रपणे अडवणे ही पाणथळीची पूर्वअट आहे.

आराखड्याच्या चित्रांबद्दलही लिहायला हवे. त्यांत काठाला दगडी पिचिंग, भोवती सिमेंटचा चालण्याचा मार्ग, दिव्यांची रांग आणि मधोमध खोल, मोकळे पाणी दिसते. ही पाणथळ नव्हे, हा तलाव आहे. खोल, मोकळ्या पाण्यात ओढ्याचे पाणी सरळ एका वाटेने जावकेकडे निघून जाते आणि बाकीचे बाजूला नुसते उभे राहते. काठाला दगड बसवले की पाणी आणि जमीन यांमधला तो उथळ, चिखलाचा, दर हंगामाला पुढे-मागे होणारा पट्टा नष्ट होतो, आणि सगळे काम त्याच पट्ट्यात चालते. पाणथळ अस्ताव्यस्त दिसते. तिच्यात वाळलेले नळ असतात, चिखल असतो, काही महिने पाणीही नसते. लोकांना जवळून पाहता यावे म्हणून एका बाजूला उंच लाकडी वाट जरूर करावी, पण सुशोभीकरणाचा खर्च या कामात मिसळू नये. निधी संपतो तेव्हा दिवे लागलेले असतात आणि दारे बसवायची राहिलेली असतात, हे आपण अनेक कामांत पाहिले आहे.

डासांची शंका बैठकीत येईल, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. डास वाढतात ते साचलेल्या, सडलेल्या, मासे नसलेल्या पाण्यात. हलते पाणी, छोटे मासे आणि चतुरांची पिल्ले असलेल्या जागी ते आटोक्यात राहतात. पण दाट झाडोऱ्यात अडकलेली डबकी राहिली तर तक्रार खरी ठरेल, म्हणून वस्तीकडच्या बाजूचा उतार तसा आखावा लागेल. त्याहून महत्त्वाचा प्रश्न ज्यांच्या जमिनी ओल्या होणार आहेत त्यांचा आहे. चर खणले तेव्हा त्यांना ‘जमीन सुधारा’ असे सरकारनेच सांगितले होते. आज उलट सांगताना त्यांना योग्य मोबदला, आणि पाणथळीतला चारा व नळ कापण्याचा, मासे धरण्याचा हक्क लेखी मिळाला पाहिजे. दरवर्षी कापून नेलेल्या चाऱ्यासोबत थोडे स्फुरदही बाहेर जाते, तेव्हा हा हक्क प्रकल्पाच्या फायद्याचाच आहे. अट इतकीच, की कापणी पक्ष्यांची वीण आटोपल्यावर व्हावी.

पहिला प्रस्ताव फेटाळून लावा असे मी म्हणत नाही. स्वीडनमधील ट्रुमेन सरोवरात मैलापाणी सोडणे बंद केल्यावरही पाणी सुधारले नव्हते, कारण तळाचा गाळच स्फुरद सोडत होता. १९७० आणि १९७१ मध्ये तो गाळ उपसल्यावर सरोवर खरोखर निवळले. पण तिथे क्रम काय होता हे पाहावे : आधी येणारी घाण थांबली, मग गाळ निघाला. वरून येणारे स्फुरद चालू ठेवून गाळ काढला तर काही वर्षांत नवा गाळ तितकाच सुपीक होऊन बसेल. स्फुरद बांधून ठेवण्यासाठी तळावर टाकलेला तुरटीचा थरही अशाच गाळाखाली दबेल.

लोकांना वेळेची खरी कल्पना द्यावी. बाहेरून येणारा भार कमी केलेल्या ३५ सरोवरांच्या अनुभवाचा आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक ठिकाणी स्फुरदाची पातळी नव्याने स्थिरावायला १० ते १५ वर्षे लागल्याचे दिसले, कारण जुना गाळ मधल्या काळात स्फुरद देतच राहतो. येत्या निवडणुकीपर्यंत पाणी निवळेल असे आश्वासन कुणीही देऊ नये.

म्हणून मतदानाआधी समितीने पुढील बाबी प्रस्तावात समाविष्ट कराव्यात, अशी माझी मागणी आहे. ओढ्याच्या आवकेवर आणि पाणथळीच्या जावकेच्या जागी कामाआधी किमान एक पूर्ण वर्ष मोजणी सुरू व्हावी. तिच्यात पाण्याचा प्रवाह, एकूण स्फुरद आणि विरघळलेले स्फुरद हे सगळे असावे. महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी बाटली भरून आणणे पुरेसे नाही, कारण वर्षभरातल्या स्फुरदाचा मोठा भाग मोजक्या पुरांत येतो, आणि नेमके त्याच रात्री नमुने घ्यायला माणूस किंवा यंत्र जागेवर हवे. मातीच्या तपासणीचा अहवाल आणि ही सगळी मोजणी, वाईट आकड्यांसकट, दर तिमाहीला लोकांसमोर मांडावी. देखभालीचा निधी किमान १५ वर्षांसाठी बांधकामाच्या निधीपासून वेगळा ठेवावा. आणि पाणी टप्प्याटप्प्याने सोडावे : आधी एका छोट्या भागात, तिथला जावकेचा आकडा समाधानकारक आला की पुढच्या भागात.

या मागण्यांवर समितीचे लेखी उत्तर पुढील बैठकीच्या कार्यपत्रिकेसोबत प्रसिद्ध व्हावे, ही विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
या सरोवराचे पाणी पिणारी एक नागरिक